बँकेची एलसी सेवा: कागदाला चोख, मालाला नाही

नागपुरात इतवारीपासून बुटीबोरीपर्यंत एलसीला (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेले कागद दिले की विक्रेत्याला पैसे देण्याचं खरेदीदाराच्या बँकेचं वचन) ‘पैशाची हमी’ म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. यूसीपी ६०० हे एलसीचे आंतरराष्ट्रीय नियम १ जुलै २००७ पासून लागू आहेत. त्यांच्या कलम ५ नुसार बँक कागदाचा व्यवहार करते, मालाचा नाही. कलम ३४ त्याच्याही पुढे जातं. कागद बनावट निघाला तरी बँकेवर जबाबदारी येत नाही, फक्त तो वरवर पाहता एलसीशी जुळायला हवा. म्हणून निर्यातदार म्हणून या सेवेला पाचपैकी चार, आयातदार म्हणून जेमतेम अडीच.

चांगलं आधी. परदेशी एलसी आपल्या बँकेमार्फत स्विफ्ट या बँकांच्या संदेशजाळ्यावर, एमटी ७०० संदेशाने येते आणि ती खरी दिसते का हे तपासणं सल्लागार बँकेचं, म्हणजे ती आपल्याला कळवणाऱ्या बँकेचं, काम आहे. हे काम शाखा नीट करतात. खरेदीदाराने थेट ईमेलवर किंवा कुरिअरने ‘एलसी’ पाठवली, तर बँकेने ती पडताळेपर्यंत गोदामातून पोतंही हलवू नका.

खरी गफलत बीएलच्या (बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती) तारखेत होते आणि नागपुरात ती जास्त होते, कारण समुद्र इथून लांब. समजा, शिपमेंटची शेवटची तारीख २० आहे. कंटेनर १४ ला अजनीच्या डेपोतून रेल्वेने निघाला, न्हावा शेव्याला गेट कट-ऑफ, म्हणजे बंदरात शिरायची शेवटची वेळ, हुकला आणि जहाज लागलं २२ ला. एलसीत बंदर-ते-बंदर बीएल मागितलं असेल तर ‘ऑन बोर्ड’ची, म्हणजे माल जहाजावर चढल्याची, तारीखच मोजतात. अशा वेळी साखळीतला कुणीतरी हमखास म्हणतो, ‘२० टाकून देतो, चालतंय.’ चालत नाही. ही सरळ फोर्जरी आहे. भारतीय न्याय संहितेत बनावट दस्तऐवज करणं कलम ३३६ खाली येतं, आणि तो खरा म्हणून वापरणं कलम ३४० खाली. उपाय एलसी ठरवतानाच करायचा असतो. माल ताब्यात घेण्याचं ठिकाण नागपूर लिहून मल्टिमोडल दस्तऐवज (रेल्वे आणि जहाज अशा सगळ्या प्रवासाचा एकच कागद) मागवा, म्हणजे यूसीपीच्या कलम १९ खाली डेपोत माल ताब्यात घेतल्याची तारीख धरता येते. ते राहून गेलं असेल तर मुदत संपायच्या आत एमटी ७०७ या संदेशाने एलसीत दुरुस्ती मागा. शाखेतले लोक हे आपणहून क्वचितच सांगतात. एक गुण तिथेच कापला.

एका दिवसाच्या अशाच फरकावर इंग्लंडमध्ये १९८२ साली हाउस ऑफ लॉर्ड्सचा निकाल आला, युनायटेड सिटी मर्चंट्स खटल्यात. माल १६ डिसेंबर १९७६ ला चढला आणि बीएलवर १५ घातली होती. खोटेपणा जहाज कंपनीतर्फे काम करणाऱ्या लोडिंग ब्रोकरचा होता, विक्रेत्याला त्याची कल्पना नव्हती, म्हणून त्या खोट्या तारखेमुळे विक्रेत्याचे पैसे अडले नाहीत. त्याला माहीत असतं तर निकाल उलटा गेला असता.

आता आयातदाराची बाजू. फसवणूक असेल तर पैसे रोखता येतात, पण हा अपवाद अरुंद आहे. त्याचा जुना दाखला आपल्याच देशातून गेलेल्या मालाचा आहे. १९४१ च्या न्यूयॉर्कमधल्या श्टेन खटल्यात लखनौच्या विक्रेत्याने ब्रशच्या राठ केसांऐवजी ५० खोक्यांत गायीचे केस आणि कचरा भरला, असा आरोप होता. तो खरा धरून न्यायालयाने म्हटलं की इथे एलसी ढाल होत नाही. मात्र माल हलक्या प्रतीचा निघणं वेगळं आणि माल नसणं वेगळं. आपलं सर्वोच्च न्यायालयही १९८१ च्या युनायटेड कमर्शियल बँक खटल्यापासून २००७ च्या हिमाद्री केमिकल्सपर्यंत हेच धरून आहे. मनाई हुकूम हवा तर व्यवहाराच्या मुळाशीच जाणारी घोर फसवणूक दाखवा, नाहीतर भरून न येणारा अन्याय. नुसत्या आरोपाने भागत नाही, आणि आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार दिल्याने पेमेंट आपोआप थांबत नाही.

वेळही थोडा असतो. कागद मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून बँकेला जास्तीत जास्त पाच कामाचे दिवस मिळतात. बऱ्याच बँकांत तपासणी शहराबाहेरच्या केंद्रात होते, म्हणून शाखेत फोन करून स्कॅन प्रत पहिल्याच दिवशी मागून घ्या. कंटेनर क्रमांक म्हणजे चार अक्षरं आणि सात आकडे, शेवटचा आकडा पडताळणीचा. तो शिपिंग कंपनीच्या साइटवर टाका, जहाज त्या तारखेला त्या बंदरात होतं का पाहा. बीएल आम्ही दिलेलंच नाही, असं कंपनीचं लेखी उत्तर मिळालं तर ते न्यायालयात सर्वांत वजनदार ठरतं. दावा व्यापारी न्यायालयात लावताना तातडीचा मनाई हुकूम मागितला असेल, तर व्यापारी न्यायालय कायद्याच्या कलम १२-अ ची दाव्याआधीची मध्यस्थी लागत नाही. एलसी उघडणाऱ्या बँकेला पक्षकार करायला विसरू नका.

युझन्स एलसीत (पैसे ठरलेल्या मुदतीनंतर द्यायचे असतात ती) एकदा बँकेची बिलाला स्वीकृती गेली आणि दुसऱ्या बँकेने सद्भावनेने ते बिल वटवलं, की रोखायला फारसं काही उरत नाही. आणखी एक सवय महागात पडते. डिस्क्रेपन्सीची, म्हणजे कागद एलसीशी न जुळणाऱ्या चुकांची, यादी आली की बाजारातला माणूस ‘माल लवकर सुटू दे’ म्हणून न वाचताच ‘या चुका चालतील’ अशा माफीपत्रावर सही करतो. त्या सहीनंतर तीच चूक दाखवून पेमेंट अडवता येत नाही.