साउंड मिक्सर घूं करतोय: अर्थिंग न तोडता कोणता उपाय घ्यावा?

तालमीचा हॉल डोळ्यापुढे आणा. अ‍ॅम्प्लिफायर स्टेजजवळच्या बोर्डावर, मिक्सर मागच्या भिंतीच्या बोर्डावर, मध्ये २० मीटर सिग्नल केबल. चालू केलं की स्पीकरमधून घूं. मग कोणीतरी पक्कड आणतो, मिक्सरच्या प्लगची वरची जाड पिन, म्हणजे अर्थिंगची, उपटतो, घूं जातो आणि भजन सुरू होतं.

हा उपाय फुकटचा आहे आणि लागूही पडतो, म्हणूनच तो आधी बाद करू. दोन बोर्डांच्या अर्थिंगमध्ये व्होल्टेजचा थोडा फरक असतो. त्यामुळे सिग्नल केबलच्या जाळीतून (आतल्या तारेभोवतीच्या विणलेल्या तारांतून) करंट फिरतो आणि ५० हर्ट्झचा घूं ऐकू येतो. पिन काढली की हा फेरा तुटतो खरा, पण आता मिक्सरच्या पत्र्याला अर्थिंग मिळतं ते फक्त त्या बारीक जाळीतून. आत फेज पत्र्याला चिकटला आणि तेवढ्यात जॅक निघाला किंवा जाळी जळाली, तर एमसीबी पडत नाही. पत्रा, माइकची बॉडी, गायकाचे ओठ, सगळं २३० व्होल्टवर. त्यात गणपतीच्या दिवसांत कोल्हापुरात फरशी ओलीच असते.

खरेदीआधी दोष कुठला ते बघा. अ‍ॅम्प्लिफायरचे सगळे इनपुट काढा. तरी घूं राहिला तर दोष अ‍ॅम्प्लिफायरच्याच आत आहे, बहुतेक फिल्टर कपॅसिटर. तिथे केबल बदलून काही होणार नाही. गेला तर एकेक जोडत चला. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर थांबला, तर चोर सापडला. आवाज जाड घूं नसून टोकदार झर्र असेल आणि लाइट कमी-जास्त करताना बदलत असेल, तर डिमरकडे बघा. लाइट वेगळ्या लाइनवर घ्या.

बोर्डही तपासायला हवा. लोड चालू असताना मीटरवर न्यूट्रल ते अर्थ साधारण २-३ व्होल्टच्या आत यावं. मेनपासून लांबच्या सॉकेटवर अगदी शून्य आलं तर खूश होऊ नका. पेठांतल्या जुन्या वाड्यांत अर्थची वायरच नसते आणि कोणीतरी सॉकेटच्या मागे न्यूट्रलवरून छोटा तुकडा अर्थच्या स्क्रूला मारून ठेवलेला असतो. पुढे न्यूट्रल तुटला की सगळ्या मशीनचे पत्रे फेजवर येतात. उलट, फेज ते अर्थ २३० दिसलं म्हणजे अर्थिंग पक्कं, असंही नाही. मीटर इतका कमी करंट घेतो की गंजलेल्या तारेवरही आकडा बरोबर येतो. वायरमनकडून फेज ते अर्थ १०० वॅटचा फिलामेंटचा बल्ब लावून तपासून घ्या, सगळी मशीन प्लगमधून काढून. बल्ब मिणमिणला तर अर्थिंग कच्चं. ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) असेल तर तो या चाचणीत पडणारच, म्हणजे तो जिवंत आहे. नसेल तर स्पीकरआधी तो बसवा.

आता कामाचे पर्याय. पहिला, सगळं एकाच बोर्डावरून चालवणं. मिक्सर वीज फार कमी खातो, त्यामुळे स्टेजच्या बोर्डावरून १.५ स्क्वेअर मिलिमीटरची तीन-कोर केबल मागे मिक्सरपर्यंत ओढली की दोघांचं अर्थ एकाच जागी येतं. खर्च फक्त केबलचा. ती सिग्नल केबलपासून हातभर लांब ठेवा. ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात. कायमच्या हॉलसाठी आमची पहिली पसंती हीच.

दुसरा, बॅलन्स्ड केबल, म्हणजे सिग्नलला दोन तारा आणि जाळी वेगळी. यासाठी अ‍ॅम्प्लिफायरची पाठ बघा. एक्सएलआर (तीन पिनांचा गोल कनेक्टर) किंवा बॅलन्स्ड जॅकचं इनपुट असेल तरच उपयोग. जॅकवरच्या काळ्या रिंगा मोजा: दोन हव्यात. एकच असेल तर तो मोनो, आणि मोनो जॅक बॅलन्स्ड आउटपुटमध्ये घातला की पैसे खर्चूनही घूं तसाच. वायरिंगमध्ये पिन १ जाळी, २ हॉट, ३ कोल्ड.

तिसरा, सिग्नलचा ट्रान्सफॉर्मर. अ‍ॅम्प्लिफायरला नुसतं आरसीए (जुन्या डीव्हीडी प्लेअरसारखं लाल-पांढरं) इनपुट असेल किंवा लॅपटॉपच दोषी असेल, तर हा लागतो. लॅपटॉपसाठी पॅसिव्ह डीआय बॉक्स, आरसीएसाठी लाइन आयसोलेटर; दोन्ही म्हणजे आत ट्रान्सफॉर्मर असलेल्या छोट्या पेट्या. डीआयवरचा ‘लिफ्ट’ स्विच पिन काढण्यासारखाच वाटतो, पण तो फक्त सिग्नलची जाळी सोडवतो, मेनचं अर्थिंग जागेवर राहतं. म्हणून तो बिनधास्त दाबा. डीआयचं आउटपुट माइकच्या इनपुटला जोडायचं, लाइनला नाही, नाहीतर आवाज बारीक येतो. स्टिरिओला दोन चॅनल लागतात. स्वस्तातल्या आयसोलेटरचा ट्रान्सफॉर्मर लहान असतो आणि खालच्या बेसला दम टाकतो. हार्मोनियम-तबल्याला फरक कळत नाही, लेझीम-ढोलाच्या ट्रॅकला लगेच कळतो.

दुकानात हमखास गळ्यात मारला जाणारा चौथा प्रकार म्हणजे जड मेन आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा स्टॅबिलायझर. अर्थची वायर त्यातून तशीच पुढे जाते, मग फेरा तुटणार कुठे? व्होल्टेज खालीवर होत असेल तर स्टॅबिलायझर जरूर घ्या, घूंसाठी नको.

मांडवात रोज नवा बोर्ड, कधी जनरेटर. तिथे एका बोर्डाचा भरवसा नाही, म्हणून फिरत्या सेटने दोन डीआय पेटीत ठेवावेत. एक्स्टेन्शनचा रीळ पूर्ण उलगडून वापरा. गुंडाळलेला लोडवर तापून वितळतो. आणि डीआय आणायला वेळ नसेल, तर त्या रात्रीपुरता लॅपटॉप बॅटरीवर चालवा.