प्रेस शॉपसाठी घेतलेला कन्सल्टंट: काम चोख, पहिला रिपोर्ट मात्र परस्पर

आमचं प्रेस शॉप वाळूज एमआयडीसीत, पत्रा दाबून दुचाकीचे पार्ट काढतो. डाय, म्हणजे प्रेसमधला साचा, बदलायला सव्वा-दीड तास जायचा म्हणून मालकांनी पुण्याहून एक कन्सल्टंट आणले. नाव टाकत नाही, कारण खाली तक्रारही आहे. मी तिथला प्रॉडक्शन मॅनेजर, म्हणजे ज्याच्या डोक्यावर त्यांना आणून बसवलं तोच.

गृहस्थ केबिनमध्ये बसून राहिले नाहीत. सेकंड शिफ्टला थांबले, अख्ख्या डाय बदलीचं मोबाईलवर शूटिंग केलं आणि ते आधी डाय बसवणाऱ्या आमच्या सेटर मामांना दाखवलं. मामा गंगापूरकडचे, बोलणं कमी. फोर्कलिफ्टची वाट बघत स्वतःलाच ताटकळलेलं पाहून म्हणाले, "हे तं मी कवापासून सांगतो, पण ऐकतं कोण?"

जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगोंच्या एसएमईडी, म्हणजे झटपट डाय बदलीच्या, पद्धतीचं मूळ साधं आहे: मशीन चालू असताना जे उरकता येतं, त्यासाठी मशीन थांबवायचं नाही. पद्धतीप्रमाणे बदली 10 मिनिटांच्या आत व्हायला हवी. आमची जुनी प्रेस तिथवर जाणार नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. ते मला आवडलं. पुढची डाय आधीच ट्रॉलीवर प्रेसजवळ, क्लॅम्पिंगचे सगळे बोल्ट एका मापाचे, म्हणजे पाना एकच. मामांकडे बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात डाय बसवताना लागणारे पॅकिंगचे तुकडे असायचे, प्रत्येकावर ऑइल पेंटचा ठिपका, डायप्रमाणे रंग वेगळा. कन्सल्टंटनी रॅक केला, पण नंबर न घालता मामांचेच रंग ठेवले. आता पस्तीसेक मिनिटांत बदली होते. त्यातली दहा क्वालिटीवाल्यांची, पहिला पीस पास होईपर्यंतची.

आता तक्रार. पहिला रिपोर्ट मला न दाखवता थेट मालकांसमोर पडद्यावर. त्यात "सुपरव्हिजन कमकुवत" अशी ओळ. दुसरी फोर्कलिफ्ट मी आधीच मागितली होती आणि ती नामंजूर झाली होती, याचा उल्लेखही नाही. मीटिंग संपल्यावर त्यांना गेटबाहेरच्या टपरीवर नेलं आणि सांगितलं, "सर, माझ्याविरुद्ध लिहायचं तर खुशाल लिहा, पण आधी मला दाखवा. उत्तर द्यायची संधी तर मिळू द्या." आढेवेढे न घेता मानलं. पुढच्या रिपोर्टात फोर्कलिफ्ट आली आणि मालकांनी ती लगेच मंजूरही केली. घरच्याचं ऐकायला पैसे पडत नाहीत ना, म्हणून पटत नाही!

फी स्वस्त नाही, वर 18 टक्के जीएसटी. शेवटचा हप्ता बदलीची ही वेळ तीन महिने टिकल्यावरच देऊ म्हटलं, तेही कबूल केलं. पाचपैकी चार.

पुढचं काम पेंट शॉपचं, तेच येणार आहेत. रिपोर्ट आधी कुणाकडे जाईल, ही अट यावेळी वर्क ऑर्डरमध्ये मी स्वतः टाइप केली आहे.