जुना स्टॅनली बेली ४ नंबर रंधा: घ्यावा का, आणि चालता कसा करावा

चोर बाजारात किंवा जुन्या हत्यारांच्या दुकानात गंजलेला स्टॅनली ४ नंबर दिसला, तर गंज बघून सोडू नका. वरवरचा गंज निघतो, बीड तडकलेलं असेल तर मात्र इलाज नाही. तोंडाचे (तळातल्या, पातं बाहेर येतं त्या फटीचे) कोपरे आणि बाजूच्या भिंती उजेडात बघा, नख फिरवा. बारीक चीर सापडली तरी ठेवून द्या. वेल्डिंगच्या उष्णतेने तळ वाकतो. पात्याच्या पाठीला (उतार नसलेल्या सपाट बाजूला) धारेजवळ खोल खड्डे असतील तर नव्या पात्याचा खर्च धरूनच भाव करा. ही रचना काढणाऱ्या लिओनार्ड बेलीची पेटंटं स्टॅनली कंपनीने १८६९ मध्ये घेतली आणि मूळ रचना तीच राहिली, पण फ्रॉगची (पातं ज्यावर टेकतं त्या तिरप्या भागाची) बैठक मधल्या काळात बदलली. म्हणून फ्रॉग नसलेला रंधा घेऊ नका, दुसरा बसेलच असं नाही.

उघडताना एक जपा: पातं खाली-वर करणाऱ्या पितळी चाकाचे आटे उलटे असतात. नेहमीच्या दिशेने जोर लावून ते खराब करणारे बरेच. अडकलं असेल तर रॉकेल सोडून रात्रभर ठेवा. पातं आणि सुटे स्क्रू व्हिनेगरमध्ये रात्रभर चालतात. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच कोरडे करून तेल लावा. बॉडी मात्र व्हिनेगरमध्ये बुडवू नका. तिला रॉकेल आणि बारीक एमरी पेपर पुरे.

तळ घासण्यात लोक उगाच दिवस घालवतात. जाड काचेवर ८० नंबरचा पेपर चिकटवा. पातं आत ओढून घ्या, पण लिव्हर कॅप (पातं वरून दाबून धरणारी टोपी) नेहमीसारखी कसलेली ठेवा, कारण त्या ताणाने तळाचा आकार किंचित बदलतो. तळावर पेन्सिलच्या आडव्या रेघा मारून घासा. पुढचं टोक, तोंडाची पुढची कड आणि टाच इथल्या रेघा पुसल्या गेल्या की थांबा. मधे एखादा खळगा राहिला तरी बिघडत नाही.

खरी मेहनत चिप ब्रेकरवर, म्हणजे पात्याला जोडलेल्या, छिलका वळवणाऱ्या पट्टीवर घ्यावी. तोंडात छिलके अडकतात ते बहुधा याच्यामुळे. त्याची कड पात्याला पूर्ण चिकटली पाहिजे. दोन्ही जोडून उजेडासमोर धरा, फट दिसली तर छिलका तिथेच घुसणार. चिप ब्रेकरची मागची बाजू दगडापेक्षा थोडी खाली धरून कडेची खालची बाजू घासा, म्हणजे फक्त टोक टेकतं. वरचा उतारही गुळगुळीत करा. शेवटच्या सफाईला तो धारेपासून अर्ध्या मिलिमीटरच्या आत ठेवा, जाड काढायचं असेल तर दीड मिलिमीटर मागे. उलट्या रेषेचं लाकूड उचकटत असेल तर आधी हेच अंतर बघा.

पात्याच्या पाठीचा धारेकडचा सेंटीमीटरभर भागच सपाट करायचा. उतार २५ अंश, शेवटची धार ३० अंश. सागवानात सिलिका असते, त्यामुळे धार लवकर मरते. ३० पेक्षा कमी ठेवू नका.

मूठ हलत असेल आणि बोल्ट पूर्ण कसूनही घट्ट होत नसेल, तर लाकूड आक्रसून बोल्ट तळाला टेकलेला असतो. बोल्टचं टोक एक-दोन मिलिमीटर घासा. बोल्ट बदलायला जाऊ नका, त्याचे आटे १२-२० (१२ नंबर जाडी, इंचाला २० आटे) या मापाचे आहेत. बाजारातला साधा बोल्ट कोंबला तर बिडातले आटे जातात.