पूर्णांक क्रमिकांचा ऑनलाइन कोश: पुढचे पद कोण ठरवते?

गणितातील सत्ये माणूस शोधून काढतो की स्वतः रचतो, या जुन्या वादात ज्यांना रस आहे त्यांनी ‘ओईआयएस’ हा पूर्णांकांच्या क्रमिकांचा ऑनलाइन कोश जरूर वापरून पाहावा. नील स्लोन यांनी १९६४ मध्ये विद्यार्थिदशेतच क्रमिका टिपून ठेवायला सुरुवात केली. १९९६ मध्ये हा संग्रह इंटरनेटवर आला आणि आज त्यात साडेतीन लाखांहून अधिक क्रमिका आहेत. सेवा मोफत आहे. चौकटीत काही संख्या लिहिल्या की त्या कोणकोणत्या क्रमिकांत येतात ते समोर येते.

वर्तुळावर काही बिंदू घेऊन प्रत्येक बिंदू इतर सर्व बिंदूंशी रेषाखंडांनी जोडला, तर वर्तुळाचे किती भाग पडतात ते मोजावे. एका बिंदूपासून पाच बिंदूंपर्यंत उत्तरे येतात १, २, ४, ८, १६. एवढीच पदे कोशाला दिली, तर २ च्या घातांची क्रमिका पुढे येते आणि पुढचे पद ३२ असणार याबद्दल मनात शंकाही राहत नाही. प्रत्यक्षात सहा बिंदू घेऊन, कोणत्याही तीन जीवा आत एकाच बिंदूत छेदणार नाहीत अशी काळजी घेऊन मोजले, तर भाग ३१ च भरतात. सात बिंदूंचे ५७ भागही जोडून पुन्हा शोधले की ए०००१२७ ही नेमकी नोंद सूत्रासह हाती लागते. बिंदू आणि जीवा यांच्या व्याख्या आपण केल्या हे खरे, पण ३१ चे ३२ करणे आपल्या हाती नाही.

यावर कोणी म्हणेल की नियम आपले, म्हणून निष्कर्षही आपलेच; बुद्धिबळाचेही तसेच आहे. हा आक्षेप वजनदार आहे, आणि त्याचे मला पटलेले उत्तर याच कोशात ए००००४५ या नोंदीत आहे. लघूची एक आणि गुरूच्या दोन मात्रा धरल्या, तर चार मात्रा लललल, गलल, लगल, ललग आणि गग अशा पाच प्रकारे भरतात, पाच मात्रा आठ प्रकारे. बाराव्या शतकात हेमचंद्रांनी छंदांच्या विचारातून मांडलेली ही मोजणी आणि १२०२ मध्ये फिबोनाची यांनी सशांच्या जोड्यांवरून घातलेले कोडे एकाच क्रमिकेवर येऊन पोहोचतात. प्रश्न वेगळे, नियम वेगळे, तरीही संख्या त्याच. निव्वळ रचनेच्या कल्पनेने याचा उलगडा होतो असे मला वाटत नाही.

माणसाचा वाटा कोठे आहे, हेही हा कोश प्रामाणिकपणे सांगतो. देवळालीचे गणिती द. रा. कापरेकर यांच्या नावाच्या संख्यांमध्ये २९७ येते, कारण तिचा वर्ग ८८२०९ आणि ८८ + २०९ = २९७. या नोंदीवर ‘बेस’ अशी खूण आहे, म्हणजे हा गुण संख्या दशमान पद्धतीत लिहिण्यावर अवलंबून आहे.

उणिवाही आहेत. नोंदी इंग्रजीत आणि फार त्रोटक असल्यामुळे शाळकरी मुलांना शिक्षकांची मदत लागेल. शिवाय पदे जुळणे म्हणजे सिद्धता नव्हे, हे शोधणाऱ्याने स्वतःच ध्यानात ठेवावे लागते. त्यामुळे वर्गात वापरताना सहा बिंदूंची आकृती मुलांकडून आधी वहीत काढून घ्यावी, भाग मोजून घ्यावेत, आणि मगच कोश उघडावा.