भांडी बाजारातील पितळी पातेले, खिरीच्या कसोटीवर

तांदळाची खीर दाट आणि सायीसारखी मऊ व्हावी म्हणून आमच्या घरात आजवर कंडेन्स्ड मिल्क, दूध पावडर आणि भिजवलेल्या काजूचे वाटण असे सगळे उपाय करून झाले होते, आणि तरीही दर पितृपक्षात खिरीला करपट वास लागतो की काय या धास्तीने कोणीतरी एक जण शेगडीपाशी खिळलेला असे. या वेळी सासऱ्यांच्या तिथीच्या आधी आठ दिवस मी नाशिकच्या भांडी बाजारातून कल्हई केलेले, जाड बुडाचे पितळी पातेले घेतले. त्याला आता पाच महिने झाले आणि त्यात दहा-बारा वेळा खीर झाली, तेव्हा त्याच्याविषयी लिहिण्याइतका अनुभव गाठीशी आहे.

पातेले तीन लिटरचे असून त्याचे वजन 2 किलो 100 ग्रॅम भरले. पितळेची भांडी येथे वजनावर विकली जातात. मला किलोला 900 रुपये पडले आणि कल्हईचा खर्च त्यातच धरलेला होता. दुकानदार एकाच मापाची दोन पातेली पुढे ठेवतो तेव्हा हलके पातेले स्वस्त पडते म्हणून हात तिकडे जातो, पण खिरीसाठी जड तेच घ्यावे. बुडावर बोटाने ठोकून पाहिले की फरक कळतो, कारण पातळ पत्रा खणखणतो आणि जाड बुडाचा आवाज बसका येतो.

पितळेतून उष्णता स्टेनलेस स्टीलच्या सुमारे सात पट सहज पसरते. आमच्या जुन्या स्टीलच्या पातेल्यात बर्नरच्या आकाराचे तपकिरी कडे दर वेळी बुडाला उमटत असे, म्हणजे तेवढ्याच जागी दूध करपत होते आणि कडेचे दूध मात्र नुसते तापत होते. पितळी पातेल्यात हे कडे अद्याप एकदाही दिसलेले नाही. उरते ती बुडाची पांढरट खरवड, आणि तिच्यावरून आमच्याकडे मुलांची भांडणे होतात.

अर्थात पातेले कितीही चांगले असले तरी खिरीचा दाटपणा तांदळातून येतो, आणि तेथे मी आता बासमतीच्या वाटेला जात नाही. बासमतीचा दाणा सुटा राहतो, जे पुलावाला शोभते. खिरीत मात्र दाणे तळाशी आणि दूध वर असा प्रकार होतो. घोटी-इगतपुरीकडचा इंद्रायणी शिजला की चिकट होतो आणि त्याचा स्टार्च दुधात उतरून दूध बांधले जाते. हा वाण आंबेमोहर 157 आणि आयआर 8 यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झाला व 1987 साली शेतकऱ्यांपर्यंत आला. आंबेमोहराच्या वासाचा थोडा वारसा त्याच्याकडे आहे, जो खिरीत वेलदोड्याच्या आडूनही जाणवतो.

एक लिटर म्हशीच्या दुधाला 60 ग्रॅम तांदूळ पुरतो. पहिल्यांदा करणाऱ्याला हे प्रमाण फारच कमी वाटते आणि तो आणखी मूठभर टाकतो. मग खिरीऐवजी गोड गुरगुट्या भात पानात पडतो. तांदूळ अर्धा तास भिजवून, निथळून, चमचाभर साजूक तुपावर दुसऱ्या कढईत परतावा आणि गार झाल्यावर मिक्सरमध्ये एकदाच फिरवून जाडसर कण्या कराव्यात. दुधाला उकळी आली की कण्या घालून आच अगदी मंद करावी. पहिली दहा मिनिटे कालथा हलता ठेवावा, कारण कण्या तळाशी जाऊन एकमेकींना धरतात ते याच वेळी; त्यानंतर चार-पाच मिनिटांनी एकदा ढवळले तरी या पातेल्यात भागते. कडेला धरलेली साय मात्र दर वेळी खरवडून आत ढकलावी. साधारण पाऊण तासाने दाणा बोटांत विरघळू लागतो, आणि साखर, 80 ग्रॅम, त्यानंतरच घालावी. साखर आधी पडली तर ती पाणी धरून ठेवते आणि तांदूळ हट्टाने कच्चट राहतो. खीर थोडी पातळ असतानाच गॅस बंद करावा, कारण निवताना ती आणखी आळते. सासूबाई कालथा उचलून त्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढतात, आणि रेघ मिटली नाही की म्हणतात, "अगं, उतरव आता."

तक्रार आहे ती कल्हईची. काठाखाली दोन बोटांवर एक पट्टा तिने धरलाच नव्हता, आणि दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली तो माझ्या ध्यानात आला नाही. घरी खिडकीपाशी धरल्यावर पितळ उघडे दिसले. परत नेले तेव्हा कल्हई बाहेरून करून घेतो, तिची हमी नाही, असे उत्तर मिळाले. दूध, तांदूळ, साखर यांनी लगेच काही बिघडत नाही, पण याच पातेल्यात कोणी आमटी किंवा कढी केली तर ती कळकणार. शेवटी जुन्या नाशकातल्या एका कल्हईवाल्याकडे 300 रुपये देऊन ती पुन्हा करून घेतली. त्याने पातेले भट्टीवर तापवले, नवसागर टाकताच पांढरा धूर उठला आणि कापसाच्या बोळ्याने कथील फिरवता फिरवता सगळे आतले अंग चांदीसारखे झाले. जाताना त्याने रिकामे पातेले गॅसवर ठेवू नका असे बजावले, कारण कथील 232 अंशांनाच वितळते. तांदूळ वेगळ्या कढईत परतायचा तो यासाठी.

देखभाल थोडी आहे. आतून तारेची घासणी चालत नाही, बाहेरून चिंच-मीठ लागते, आणि उरलेली खीर रात्री स्टीलच्या डब्यात काढावी लागते. घरात आता पाच लिटरचे पातेले हवे असा आग्रह सुरू आहे. ते मी त्याच बाजारातून घेईन, मात्र कल्हईशिवाय, दिवसाउजेडी आणि वजनकाट्यावर डोळा ठेवून.