विमान-अंतर मोजणारं ॲप, आठ महिन्यांनंतर: अंतरावर विश्वास ठेवा, वेळेवर नको

माझी बहीण लंडनला, भाची न्यूयॉर्कला. विमान सुटलं की "पोचले" असा मेसेज येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असतो. म्हणून दोन शहरांची नावं टाकली की अंतर आणि उड्डाणाची वेळ सांगणारं एक मोफत ॲप फोनवर घेतलं.

पहिल्याच दिवशी घाईत यादीतलं पहिलं 'लंडन' निवडलं आणि न्यूयॉर्कपासूनचं अंतर आलं जेमतेम साडेसहाशे किलोमीटर! ते कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातलं लंडन निघालं. तेव्हापासून नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलेला देश आधी वाचते.

बरोबर लंडन निवडल्यावर सुमारे 5,570 किलोमीटर आणि 7 तास 25 मिनिटं असं उत्तर येतं. चार-पाच जोड्या तपासल्यावर यामागचा हिशेब कळला. ताशी 805 किलोमीटर, म्हणजे 500 मैल, असा सरसकट वेग धरायचा आणि वर अर्धा तास मिळवायचा. जाताना आणि येताना आकडा तोच.

माझी फसगत इथेच झाली. जानेवारीत भाची लंडनला आली. मी सव्वासात तासांनी फोन हातात घेतला, तर तिचा मेसेज केव्हाच येऊन पडलेला, बॅगही मिळाली होती. परतीला मात्र 7 तास 25 मिनिटं उलटून गेली तरी काहीच नाही. पुढचा पाऊण तास मी खिडकीपाशी उभी होते. सगळं वेळापत्रकाप्रमाणेच चाललं होतं. मलाच ते माहीत नव्हतं. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात, आणि हिवाळ्यात त्याचा जोर वाढतो. फेब्रुवारी 2020 मध्ये ब्रिटिश एअरवेजचं एक 747 याच वाऱ्याच्या पाठबळावर न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं होतं. उलट दिशेला हाच वारा समोरून येतो आणि आठ तास सहज लागतात.

अंतराच्या बाबतीत मात्र तक्रार नाही. न्यूयॉर्क आणि माद्रिद जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, तरी ॲपमधली रेघ उत्तरेकडे कमानीसारखी वाकते. मला ती चूक वाटली, म्हणून पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहिला. ताणलेला दोरा आपसूक वर सरकला! सपाट नकाशावर सरळ दिसणारी वाटच खरी लांबची. पृथ्वी ध्रुवांकडे थोडी चपटी असल्याने, पूर्ण गोल धरून काढलेल्या अंतरात फरक पडतो तोही फार तर अर्ध्या टक्क्याचा.

पण विमानं नेहमी त्या रेघेवरून जातात असंही नाही. हेलसिंकी–टोकियोला ॲप दहा तासांच्या आसपास वेळ दाखवतं. 2022 मध्ये रशियाचं आकाश फिनलंडच्या विमानांना बंद झालं आणि तोच प्रवास तेरा तासांच्या घरात गेला. ॲपला याचा पत्ताच नाही.

आता मी अंतर ॲपवर बघते आणि वेळ तिकिटावरून काढते. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या शहराच्या स्थानिक असतात, त्यामुळे मधला फरक आधी वजा-अधिक करून घ्यावा लागतो. शिवाय तो काळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचा, म्हणजे धावपट्टीपर्यंतचं रेंगाळणंही त्यात आलं.

अंतराला पाचपैकी पाच, वेळेला दोन. जाण्याची आणि येण्याची वेळ वेगळी दाखवा, असं बनवणाऱ्यांना दोनदा कळवलंय. तेवढं केलं तर वेळेचे गुणही आनंदाने वाढवीन.