पाच मोड, कामाचे दोन: सायकलच्या यूएसबी दिव्यांचा जोड

हजार-दीड हजारात मिळणारा पुढचा-मागचा जोड सध्या बहुतेक सायकल दुकानांत एकाच घडणीचा दिसतो, खोक्यावरचं नाव तेवढं बदलतं. पुढे 400 ल्युमेन (उजेडाचं माप), मागे लाल, पाच मोड, सहा तास. यातल्या 400 ल्युमेनचा आणि सहा तासांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. आत 800 एमएएच (मिलिअँपिअर-तास) क्षमतेचा सेल असतो, म्हणजे जेमतेम 3 वॉट-तास. पूर्ण उजेडाला एलईडी 4 वॉट तरी ओढतो, त्यामुळे दिवा पाऊण तासात मान टाकतो. सहा तास भरतात ते ब्लिंकवर, म्हणजे लुकलुकत्या मोडवर, कारण तिथे उजेड मंद असतो आणि दिवा निम्मा वेळ बंदच असतो. चार्जिंग पुरावं म्हणून लोक ब्लिंककडे वळतात आणि गडबड तिथेच सुरू होते.

ताशी 18 किमी वेग म्हणजे सेकंदाला 5 मीटर. पुढचा दिवा सेकंदाला एकदा लुकलुकत असेल, तर दर वेळी अडीच मीटर रस्ता अंधारात जातो. पट्टे पुसलेला स्पीडब्रेकर तेवढ्यात येऊन जातो. समोरच्या गाडीवाल्याला ब्लिंक दिसतो, पण सायकल किती लांब आहे आणि किती वेगाने येतेय, हे ताडायला डोळ्याला सलग ठिपका लागतो. म्हणून अंधारात पुढचा दिवा स्थिरच हवा, आणि तोही दुसऱ्या, मंद मोडवर. 100 ल्युमेनला अडीच-तीन तास निघतात आणि पथदिव्यांच्या रस्त्यावर तेवढा उजेड पुरतो. घाटात किंवा गावाबाहेरच्या काळ्याकुट्ट रस्त्यावर हा जोड पुरत नाही.

दिवसा गणित उलटं. उन्हात स्थिर ठिपका गर्दीत विरघळतो, ब्लिंक नजर खेचतो. डेन्मार्कमधल्या ओडेन्सेत 2004-05 मध्ये 3,845 सायकलस्वारांचा प्रयोग झाला. चाकाच्या चुंबकावर चालणारे, दिवसाही लुकलुकणारे दिवे लावलेल्यांचे अपघात 19 टक्के कमी भरले. हा आकडा ब्लिंकची जाहिरात म्हणून फिरवला जातो, पण दुसऱ्या गटाकडे दिवसा दिवाच नव्हता. म्हणजे तुलना दिवा आणि बिनदिवा यांची झाली, ब्लिंक आणि स्थिर यांची नव्हे. कायदेही एकमताचे नाहीत. जर्मनीत सायकलवरचा लुकलुकता दिवा चालत नाही, ब्रिटनमध्ये 2005 पासून चालतो, पण सेकंदाला एक ते चार वेळाच. या जोडातला वेगवान ब्लिंक मोजताच येत नाही. तो मागच्या सायकलवाल्याच्या डोळ्यांवर अत्याचार आहे. पाचवा मोड एसओएस, म्हणजे संकटाची खूण. बुडणाऱ्या बोटीसाठी ठीक.

मागचा दिवा मात्र पैसे वसूल करतो. रात्री तो स्थिर ठेवावा आणि हौस असेल तर जोडीला हेल्मेटवर दुसरा, मंद ब्लिंकचा. सीटपोस्टवर (सीटखालच्या दांड्यावर) वरच्या बाजूला लावला की रेनकोटचं टोक किंवा सॅडलबॅग त्याच्यावर येते. कॅरिअरच्या मागच्या पट्टीवर किंवा सीटपोस्टवर बराच खाली बसवा, आणि तोंड आभाळाकडे नको, सरळ मागे हवं.

पुढच्याचा झोत टॉर्चसारखा गोल आहे, वरची कड कापलेली नाही, म्हणजे उजेड समोरच्याच्या डोळ्यांतही जातो. सायकल भिंतीपासून 5 मीटरवर उभी करा. दिवा जमिनीपासून एक मीटरवर असेल तर झोताचा मध्य भिंतीवर अर्ध्या मीटरवर यायला हवा, म्हणजे रस्त्यावर तो 10 मीटरवर पडतो. एवढं केलं तर समोरचा डिपर मारत नाही. पण रबरी पट्टा खड्ड्यांत सरकतो आणि दिवा खाली बघायला लागतो. जुन्या ट्यूबचा तुकडा हँडलखाली गुंडाळला की जागचा हलत नाही.

पावसाळ्यात रडगाणं वेगळं. खोक्यावरचं आयपीएक्स4 म्हणजे शिंतोड्यांपुरतं संरक्षण. मडगार्ड नसेल तर मागचं चाक चिखलपाण्याचा फवारा थेट दिव्याच्या बुडाशी मारतं, आणि चार्जिंगच्या भोकावरची रबराची जीभ नेमकी तिथेच आहे. दहा-बारा वेळा उघडझाप झाली की ती नीट बसत नाही, पाणी शिरतं, पिना हिरव्या पडतात. जिभेवर इन्सुलेशन टेपचा तुकडा लावा आणि भोक पूर्ण सुकल्याशिवाय केबल खुपसू नका.

सगळ्यात मोठी खोट बटणात आहे. दिवा शेवटचा मोड लक्षात ठेवत नाही. पुढचा दर वेळी पूर्ण उजेडावर उघडतो, मागचा वेगवान ब्लिंकवर. सिग्नलला हातमोज्यांनी बटण चेपत स्थिर मोड शोधत बसावं लागतं. याच किमतीत मोड लक्षात ठेवणारे जोडही मिळतात, पण खोक्यावर ते लिहिलेलं नसतं. दुकानातच दिवा मंद स्थिर मोडवर आणून बंद करा, पुन्हा चालू करा. लुकलुकत किंवा पूर्ण उजेडावर पेटला तर दुसरा मागा.